महादूचा ट्यूबा, एकट्याचा

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात हळद म्हटली की बँड हवाच, आणि बँडच्या मागल्या रांगेत ट्यूबा नावाचा भलामोठा पितळी कर्णा अंगावर घेतलेला महादू हवाच. पुढे क्लॅरिनेटवाला भाव खाऊन जायचा, लोक त्याला खांद्यावर घ्यायचे. महादूचं आपलं मागे भों-भों चालू. त्याला कधी त्याचं काही वाटलं नाही. पण त्याच्या लेकीनं, विनितानं, स्वतःच्या हळदीच्या तोंडावर भलतंच काढलं.

"बाबा, एक गाणं तू एकट्यानं वाजवायचं. बाकी सगळे गप्प!"

महादूच्या डोक्याचा भुगा झाला. लेकीचं मन मोडवेना, आणि जमेल असंही वाटेना. तो बँडमास्तर विद्याधरकडे गेला.

"मास्तर, ट्यूबाला एकट्याला कधी का नाय देत हो?"

"अरे, तुझा सूर जाडा, पोटात घुमणारा. चाल आम्ही वाजवतो, तू खालून धरून ठेवतोस. नुसतं ते ऐकून गाणं कुठलं हे कुणाला कळणार? आणि एका सुराला छातीभर हवा जाते. पूर्ण गाण्याला दम कुठून आणशील?"

"मग पोरीला नाय म्हणू?"

"आता ते तू बघ बाबा!"

हे बरं! महादू रोज होड्यांच्या आडोशाला जाऊन चाल काढायला लागला. बायको, सरूबाई, एकदा ऐकायला आली आणि म्हणाली, "अवो, म्हैस हंबरते का काय?"

हळदीला बँड थांबला आणि सगळा मांडव महादूकडे बघायला लागला. चाल पार त्याच्या डोक्यातून गेली. बोटं आपली नेहमीच्या जागी पडली, आणि मागल्या रांगेतलं तेच वाजायला लागलं. भों... भों-भों.

नाचणारे थबकले. "गाणं कुठलं रे हे?" "अजून सुरू व्हायचंय वाटतं!" वाट लागली, महादूला वाटलं. पोरीच्या हळदीचा पचका केला आपण. थांबावं की रेटावं, काही सुचेना.

तेवढ्यात हळदीनं माखलेली विनिता पाटावरून उठली आणि त्या भों-भोंवर गायला लागली. शब्दन् शब्द बरोबर! मांडव नुसता उसळला.

गाणं संपल्यावर महादूनं बावचळून विचारलं, "तू गायलीस, मग माझं एकट्याचं कुठं राहिलं गं?"

"ते मला नाय माहीत. मी लहान असताना तू घरी सराव करायचास, तेव्हा नुसत्या भों-भोंवरनं गाणं ओळखायची ना मी."

महादूला अजूनही नीट काही कळलं नव्हतं. पण डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.