शोकाकुलांच्या यादीत गुणाजी

गुणाजी मढवीला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. गावच्या नाक्यावरच्या बॅनरवर त्याला आपला चेहरा बघायचा होता.

थळहून अलिबागला जाताना हे गाव लागतं, आणि नाक्यावर बॅनर नाही असा दिवस या गावाने अलीकडे पाहिलेला नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचा नातू बालवाडीत पहिला. गॉगलवाले चेहरे, हात जोडलेले चेहरे, मोबाइल कानाला लावून कुणाचीच न ऐकणारे चेहरे. एकदाही तिथे वर चढला नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. एक गुणाजी सोडून. एकतीस वर्षं त्याने कंपनीत टाइमकीपरची नोकरी केली, म्हणजे दुसरे कधी आले आणि कधी गेले ते लिहून ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी बॅनर लागला खरा, पण त्यावर शाल देणारे साहेब होते आणि युनियनचे तिघे होते. गुणाजीचं नुसतं नाव, आणि तेही इतकं खाली की पुढच्या खुर्च्यांनी झाकलं.

मग गुणाजीने डोकं चालवलं. बॅनरवर कोण घ्यायचा ते पुढारी ठरवतात, पण कुठे बसवायचा ते शेवटी कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस ठरवतो. कोपऱ्यात एखादा जास्तीचा बसला तर मोजतंय कोण?

तो विपुलकडे गेला. विपुल जत्रा मंडळाचा अध्यक्ष. जत्रेच्या बॅनरवर देवीपेक्षा त्याचा फोटो मोठा असतो, पण देवीने अजून तक्रार केलेली नाही.

"विपुल, यंदा जत्रेचा बॅनर मी करू का?"

विपुलने मोबाइल खाली ठेवला. "काका, तुमी? अवो, अलिबागचा पियूष करतो ना. त्याच्याकडं सर्टिफिकेट हाय."

"मी आणलं तर?"

"आणा की. आणलंत तर बॅनर तुमचा."

हे तो बोलला ते गुणाजीला ओटीवरून उठवण्यासाठी. पण गुणाजी सोमवारी अलिबागला जाऊन तीन महिन्यांच्या डिजिटल डिझाइनच्या क्लासात नावच घालून आला.

क्लास कापडाच्या दुकानाच्या माडीवर. शिकवणारी अमिषा, खालच्या दुकानवाल्या शहांची मुलगी, वय चोवीस. बाकीचे विद्यार्थी तिच्याहून लहान आणि गुणाजी तिच्या वडलांहून मोठा. ती त्याला काका म्हणे, तो तिला मॅडम. पहिले आठ दिवस तो माउस असा धरायचा की मॅडमना वाटे, हे त्याला पळू देणार नाहीत.

पहिला प्रोजेक्ट होता पांढऱ्या कांद्याच्या पिशवीसाठी लोगो. मुलांनी कांद्याच्या माळा काढल्या, पाती काढल्या. गुणाजीने कांदा काढला आणि कांद्याच्या पोटात स्वतःचा पासपोर्ट फोटो बसवला.

"काका, लोगोत फोटो नसतो."

"का?"

"लोगो लहान असतो. पिशवीवर एवढासा छापायचा."

"मग फोटो लहान करतो."

दुसरा प्रोजेक्ट, समुद्रकिनारा स्वच्छ ठेवा. गुणाजीच्या पोस्टरवर खराटा घेतलेला गुणाजी. फोटोमागची भिंत पुसताना त्याचा डावा कान गेला होता. उरलेल्या जागेत त्याने सूर्य, होडी, कासव, नारळ, तिरंगा आणि तीन प्रकारच्या अक्षरांत सूचना भरल्या होत्या. कुठून बघायला सुरुवात करावी ते अमिषाला कळेना.

"काका, थोडी मोकळी जागा सोडा. डोळ्याला जरा विसावा पाहिजे."

"मोकळी सोडली तर दुसरा येऊन बसतो, मॅडम." अलिबाग तालुक्यात जमिनीचा तुकडा असलेल्या कुणाही माणसाने हेच उत्तर दिलं असतं.

घरी बायकोला, गोदूला, तो रोज शिकलेलं दाखवी. एकदा त्याने तिला मागे जायची कळ दाखवली. "ही दाबली ना, की जे केलं ते न केल्यासारखं होतं."

गोदू वाल सोलत होती. "चालवून बघा की. लगीन केल्यालं हाय, समोरच बसलंय."

तिसरा प्रोजेक्ट मात्र गळ्याशी आला. खरं गिऱ्हाईक शोधायचं, त्याचं काम करायचं आणि कागदावर त्याच्या हाताने 'पसंत, फायनल' असं लिहून सही आणायची. शेवटच्या शनिवारी कागद नाही, तर सर्टिफिकेट नाही. आणि सर्टिफिकेट नाही, तर जत्रेचा बॅनर नाही.

गावात कुणी काम देईना. किराणावाला म्हणाला, बोर्ड हाय की. गिरणीवाला म्हणाला, पीठ दळायला फोटो कशाला. गुणाजी हात हलवत परत येत होता, तेव्हा भागोजीनानांनी त्याला पडवीतून हाक मारली.

नाना एकेकाळचे पोलीस पाटील. वय चौऱ्याऐंशी, दात सगळे स्वतःचे. सकाळी खाडीच्या बांधापर्यंत चालून येत आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाची चौकशी करत, म्हणजे चौकशीच करत.

"गुणाजी, माझं मरणाचं बॅनर कर."

"नाना, असं काय बोलता!"

"मंग काय, गेल्यावर येऊ सांगायला? पालीला माझा मेव्हणा वारला, त्याचं बॅनर बघितलंस? आधार कार्डावरचा फोटो चार फुटांचा करून लावला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली माणूस दिसतोय म्हशी चोरताना धरल्यासारखा. माझी पोरं तेच करनार."

गुणाजी कामाला लागला. नानांचा फेट्यातला एक फोटो मिळाला. मागची भिंत पांढरी आणि नानांच्या मिशाही पांढऱ्या, त्यामुळे भिंत काढताना मिशाही गेल्या. गुणाजीने नव्या काढल्या. नाना म्हणाले, काळ्या कर. केल्या. आणखी काळ्या कर. केल्या. गालाला थोडा रंग दे. तोही दिला. गोदूने कॉम्प्युटरमध्ये डोकावून विचारलं, "याला श्रद्धांजली वाहायची, का हळद लावायची?"

मग यादी आली. श्रद्धांजलीच्या बॅनरवर खाली 'शोकाकुल' असं लिहून नावं येतात, आणि कुणाचं दुःख कितव्या ओळीत, यावर गावाचं लक्ष असतं. नानांनी पनवेलचा मुलगा वर घेतला, मग जावई, मग पुतण्या विपुल, मग भावकी. गोदूने ही बातमी फक्त शेजारच्या मनुबाईला सांगितली, म्हणजे दुपारपर्यंत ती अलिबागच्या जेट्टीवर पोचली.

दुसऱ्या दिवशी विपुल नानांकडे पापलेटांची जोडी घेऊन आला. सहज, म्हणाला. संध्याकाळी नाना म्हणाले, "विपुलला एक ओळ वर घे." दोन गणपती तोंड न दाखवलेला पेणचा जावई सहकुटुंब हजर झाला. तो तिसऱ्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला. एका चुलत भावाने नुसताच फोन केला, त्याचं नाव बारीक अक्षरांत आलं. आठवडाभर नानांच्या स्वयंपाकघरात मासळीचा वास हलला नाही. हे लोक जाता जाता गुणाजीकडेही थांबत. त्याला नाक्यावर नेऊन चहा पाजत. कालपर्यंतचा गुणाजी आता गुणाजीशेठ झाला.

शेठने संधी साधली. उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या शोकाकुलाच्या खाली, रुपयाएवढा स्वतःचा चेहरा ठेवला. नानांनी चष्मा लावला.

"ह्यो कोन?"

"मीच."

"तू माझा कोन लागतोस?"

"कोन न्हाय."

"मंग तुला दुःख कशाचं?"

चेहरा गेला.

नऊ वेळा बॅनर बदलला. शनिवार नऊ दिवसांवर आला तसा गुणाजीने कागद पुढे केला. "नाना, आता फायनल लिहा."

नानांनी पेन घेतलं आणि परत ठेवलं. "फायनल म्हनलं की वरचा ऐकतो. त्याला वाटंल, म्हातारा तयार झाला."

"असं काही नसतं, नाना."

"नसतं ना? मंग आधी तुझं कर. छापून आन, माझ्या पडवीत लाव. आठ दिवस जगून दाखव. मी सही करतो."

गुणाजीने बोटांवर दिवस मोजले. आठ बसत होते. तो घरी जाऊन स्वतःची श्रद्धांजली करायला बसला.

खोटं कशाला, सुरुवातीला त्याला मजा आली. दोन्ही कान असलेला फोटो घेतला. चांगला मोठा केला. कुणी साहेब नाही, युनियन नाही. नाव झालं, वरची ओळ झाली. मग खाली 'शोकाकुल' लिहिलं आणि तो थांबला.

"गोदू, पहिलं नाव तुझं टाकतो."

"टाका. नावामागं काय लिवनार? आता सौ. लिवता."

गुणाजीने 'सौ.' लिहिलं आणि पुसलं.

"नका टाकू मला," गोदू म्हणाली. "नवरा समोर बसून चहा मागतोय आणि मी शोक करू व्हय?"

मुलगी मस्कतला. तिचं नाव छापलं आणि तिला कळलं, तर ती विमानात बसून भांडायला येईल. कंपनीतल्या अकराशे माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ होत्या, पण आपण गेल्यावर यातल्या कुणाला वाईट वाटेल हे काही त्याला छातीठोक लिहिता येईना. न विचारता लिहिणं बरं नाही, आणि विचारणार कसं? शेवटी त्याने 'शोकाकुल' हा शब्दही पुसला. एक चेहरा, एक नाव, एक ओळ. बाकी सगळं मोकळं. तेच छापून आणलं आणि नानांच्या पडवीत खुंटीला लावलं.

मग रोज सकाळी गुणाजी जिवंत असल्याचं दाखवायला जाई आणि नाना दाराच्या चौकटीवर खडूने रेघ ओढत. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या माणसाने आठ दिवस स्वतःची हजेरी लावली. तिसऱ्या दिवशी त्याला शिंक आली. नाना कासावीस झाले. "काढा पी रे बाबा. शनिवारपातूर कळ काढ."

आठव्या रेघेनंतर नाना चष्मा लावून खुंटीसमोर उभे राहिले. "हे बरं दिसतंय. गर्दी न्हाय. मानूस दिसतो." मग म्हणाले, "मलापन असंच कर. सगळी नावं काढ."

"विपुलचं पण?"

"सगळी. आनि मिशा पांढऱ्याच ठेव."

गुणाजीने केलं. नानांनी कागदावर लिहिलं, पसंत, फायनल, आणि सही ठोकली.

शनिवारी सकाळी गुणाजी रिक्षात बसतो तोच विपुल आडवा आला. नावं काढल्याचं त्याला कळलं होतं. "काका, माझं नाव परत टाका. जत्रेचा बॅनर तुमचा. सर्टिफिकेटपन नको. तुमचा फोटोपन टाकू, वरच्या रांगेत, माझ्या बाजूला."

एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. वरची रांग, नाका, आठ दिवस लख्ख चेहरा. गुणाजीने मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्याने केलेल्या कामांत हे एकच असं होतं की बघताना त्याला स्वतःलाच काही भरावंसं वाटत नव्हतं.

"सही झाल्यावर मी कधी कुनाची वेळ बदलली न्हाय," तो म्हणाला. फार बाणेदार वाक्य होतं. रिक्षा पहिल्या वळणाला लागेपर्यंत त्याला त्याचा पश्चात्तापही झाला होता.

अमिषाने कागद फळ्याला लावला आणि मुलांना म्हणाली, "बघा, मोकळी जागा कशी सोडायची ते काकांकडून शिका." ही जागा दुःखी माणसं न मिळाल्यामुळे सुटली, हे काकांनी सांगितलं नाही. सर्टिफिकेट घेऊन ते खाली मान घालून बसले, आणि सगळ्यांना तो विनय वाटला.

जत्रेचा बॅनर पियूषने केला. बेचाळीस चेहरे होते, यंदा त्रेचाळीस झाले. वाढलेला विपुलचा भाचा होता, वय सात महिने.

इकडे नानांकडची मासळी बंद झाली. ज्यांची नावं गेली त्यांची वाटही नानांच्या दारावरून जायची बंद झाली. पेणचा जावई फोन उचलेना. तीन आठवडे नानांनी वरण-भात सोसला, मग गुणाजीला बोलावणं आलं.

"यादी परत टाक."

"नाना, फायनल झालंय. सर्टिफिकेटपन मिळालं."

"सही मी केली, मोडतोपन मीच."

"टाकतो. पन माझा फोटो राहील."

"अरे, तू माझा कोन?"

"कोन म्हनजे? आठ दिवस तुमच्या पडवीत मेलो नव्हतो का मी?"

"घे. विपुलच्या खाली."

"बरोबरीनं."

"बरं, बरोबरीनं. जा आता, आनि विपुलला सांग जाता जाता. मासळीबाजारात सरंगा मिळतो का बघायला सांग."

गुणाजीने घरी येऊन मोकळी जागा पुन्हा भरली. पहिल्या ओळीत मुलगा, दुसरीत जावई, तिसरीत विपुल आणि त्याच्या शेजारी, त्याच मापाचा, गुणाजी मढवी. फाइल जपून ठेवली. अखेर नाक्यावरची जागा पक्की झाली होती.

सकाळी गोदूने ते पाहिलं. "झाला फोटो? लागनार कदी?"

गुणाजीने खिडकीतून बाहेर पाहिलं. नाना बांधापर्यंत जाऊन परत येत होते, हातात सरंग्याची पिशवी, आणि नेहमीपेक्षा जरा भरभरच चालत होते.