माथ्यावरचं लाटणं

जुनं लाटणं हाती आलं की बदलापूरचं ते स्वयंपाकघर आठवतं. कॉलेजातल्या नणंदेला मामंजी म्हणाले, "पोपटासारखं घोकतेस! चौथी शिकलेल्या वहिनीला समजावलंस, तरच पुढे शिकवीन." तिने फरशीवर कोळशाने टेकडीसारखी वक्ररेषा काढली आणि तिच्याखाली आडव्या रेघेवर एक, दोन, तीन अशा खुणा केल्या. "वहिनी, डिफरन्शिएट केलं की चढाचं सूत्र मिळतं. चारातून क्षची, म्हणजे खालच्या खुणेच्या आकड्याची, दुप्पट वजा." मामंजींनी माथ्याखालच्या दोनच्या खुणेवर काठी टेकवली. "सूनबाई, इथे चढ किती?" नणंदेचा चेहरा पडला, कारण मी त्यांच्यासमोर कधीच बोलत नसे. मी पदर सावरून म्हटलं, "शून्य," आणि हातातलं लाटणं माथ्याला टेकवलं. ते सरळ आडवं राहिलं. मामंजी हसले, "जा पोरी, शीक." त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द, आजही पोळ्या लाटताना मी तो हळूच म्हणते.