शेवटचा टेकू

हणमंत बनसोडे यांना माणसं लागायची. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी हयात गर्दीत, गप्पांत आणि भांडणांत गेलेली. रिटायर झाले, पाठोपाठ बायको पारूबाई गेली, आणि सोलापुरातल्या त्या छोट्या घरात शेजारच्या टीव्हीचा आवाज तेवढा उरला.

म्हणूनच पुण्यातला मुलगा सिद्धांत म्हणाला, "बाबा, मागं एक खोली वाढवा, आम्ही तिकडंच राहायला येतो," तेव्हा त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. परसात खोली उभी राहिली. जुन्या-नव्या खोलीमधली भिंत मात्र साधी नव्हती. वरचा सगळा स्लॅब तिच्याच डोक्यावर. एक दार पाडून भागलं असतं. पण हणमंतराव हट्टाला पेटले. नात इकडून तिकडं धावेल, सगळं एकच घर दिसलं पाहिजे, भिंत चांगली दहा फूट उघडायची!

मैंदर्गीचा रुद्रप्पा मिस्त्री सावध गडी. त्यानं आधी दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावून स्लॅबचं वजन त्यांच्यावर घेतलं, मग थोडी थोडी भिंत काढत गर्डर सरकवले आणि वरची फट सिमेंटनं ठासून भरली. त्याची एक रीत होती. टेकू निघाले की गर्डरखालून पहिल्यांदा घरच्यांनी जायचं, सगळ्यांनी मिळून. मिस्त्रीनं मागून.

"सिमेंट धरू द्या. मग पोरगं, सून आली की सांगा मामा. तवाच टेकू काढू."

सिद्धांतचा फोन त्याच आठवड्यात आला. सुनेला, बुद्धप्रियाला, बढती मिळाली होती. पुण्यातच फ्लॅट घेतला होता. "आता तुम्हीच या ना इकडं." हणमंतराव "बरं झालं" म्हणाले आणि टेकूंमधून अंग चोरत चहा ठेवायला गेले.

रुद्रप्पाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "पुढच्या ऐतवारी येत्यात," म्हणाले. तो ऐतवार लांबतच गेला. रुद्रप्पा येता-जाता टेकू बघायला डोकवायचा, चहा घ्यायचा, बायकोची गाऱ्हाणी सांगायचा. हणमंतराव त्याच्यासाठी दूध राखून ठेवायचे. खोटं बोलल्याची लाज वाटायची, पण तो आला नाही की त्याहून वाईट वाटायचं.

शेवटी रुद्रप्पा टेम्पोच घेऊन आला. "मामा, मोडनिंबला काम लागलंय, टेकू पायजेत. कवा येणार मंडळी?"

"न्हाय यायची," हणमंतराव म्हणाले. "कवाच न्हाय."

रुद्रप्पा टेकूंकडं वळला. त्यानं एकेक टेकू हलक्या हातानं सैल करून काढला. स्लॅब जागचा हलला नाही. मग तो बाजूला उभा राहिला. रीत ती रीत. हणमंतराव एकटेच पलीकडं गेले. एका माणसाला एवढी रुंद वाट घेऊन करायचंय काय! नव्या खोलीत रंगाचा वास होता. ते तसेच परत आले.

टेकू टेम्पोत चढले. शेवटच्या टेकूवर हणमंतरावांनी हात ठेवला.

"ह्यो राहू द्या की, मिस्त्री."

"आता कशाला मामा? गर्डर पक्का बसलाय."

"ते मला बी कळतंय. पण ह्यो न्यायला तरी तुमी याल."

रुद्रप्पानं तो टेकू उचलून नव्या खोलीच्या कोपऱ्यात उभा केला.