डोमाभाऊंच्या समोरचा ठिय्या

आमच्या सुतारखान्यात भुसा कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच! डोमाभाऊंच्या किश्श्यांचंही तसंच आहे. ते जाऊन वर्ष होत आलं, तरी गोंडपिपरीत जो कोणी आमच्याकडे येतो तो त्यांचा एक किस्सा सांगून जातो. त्यांच्या समोर, चार हातांवर, सहा वर्षं माझा कामाला बसायचा ठिय्या होता. माझा किस्सा कोणी सांगत नाही.

म्हणून आज मीच सांगतो. चौथीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. आणि आधीच सांगून टाकतो, मला त्या माणसाचा फार हेवा वाटायचा. माझं काम बघून कोणीतरी "हे कोणी केलं?" असं विचारावं आणि उत्तर 'डोमाभाऊ' नसावं. एकदाच! एवढंच मला हवं होतं.

*

एक ठेकेदार आलापल्लीहून सागवानाच्या फळ्या घेऊन आला. म्हणाला, "तीन वर्षं वाळवलेला माल हाय!"

डोमाभाऊंनी फळीला नाक लावलं. "भाऊ, हे झाड गेल्या दिवाळीले उभं होतं."

ठेकेदार आधी चिडला, मग ओशाळला, मग हसायलाच लागला. "नाक हाय का मशीन!"

त्यानंतर महिनाभर, कोणी नसताना, मीही फळ्या हुंगल्या. मग एकदा गिऱ्हाईक समोर असताना धीर करून नाक लावलं. भुसा आत गेला. ओळीने सात-आठ शिंका आल्या.

गिऱ्हाईक डोमाभाऊंना म्हणालं, "ह्या पोराले सर्दी झाली हाय. घरी पाठवा त्याले!"

*

डोमाभाऊ रोज सकाळी हत्यारं पाटावर मांडायचे, कुंकू लावायचे, दिवा लावायचे आणि मग सबंध भजन म्हणायचे. एक कडवंही गाळायचं नाही. एकदा भजन चालू असताना रेंजरसाहेब आले.

"डोमा कुठी हाय?"

"आत भजन म्हणून राह्यले साहेब," मी म्हणालो.

सगळा तालुका ज्यांच्यासमोर उठून उभा राहायचा, ते साहेब एका सुताराचं भजन संपायची वाट बघत थांबले! बसले ते मी केलेल्या स्टुलावर. हलून पाहिलं, दाबून पाहिलं. म्हणाले, "वा! हा डोमाचा हात!"

माझे कान तापले. सांगावंसं फार वाटलं. तेवढ्यात आतलं भजन थांबलं. मध्येच थांबलेलं मी तेव्हा एकदाच ऐकलं.

"साहेब, ते स्टूल ह्या पोरानं केलं हाय," डोमाभाऊ आतून ओरडले.

साहेब उठले. वाकून चारही पाय एकेक करून तपासले. आणि पुन्हा सुरू झालेलं भजन संपेपर्यंत उभेच राहिले.

*

वडशाच्या एका नाटक मंडळीनं डोमाभाऊंकडून सिंहासन करून घेतलं. तिसऱ्या अंकात दुष्ट सेनापतीनं ते लाथेनं पाडायचं होतं. त्यानं लाथ मारली. सिंहासन ढिम्म! दुसरी मारली, तिसरी मारली. शेवटी सेनापतीच पाय धरून खाली बसला आणि राजानं उठून त्याला हात दिला. पब्लिकनं वन्स मोअर दिला!

त्याच नाटकात मी केलेली लाकडी तलवार होती. पहिल्याच अंकात तुटली. त्यावर कोणी हसलंसुद्धा नाही.

*

तालुक्याची निम्मी दारं डोमाभाऊंच्या हातची. त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र दार नव्हतं, गोणपाट लटकत होतं. एकदा सीताबाई, म्हणजे त्यांची बायको, डबा घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जगाले दारं देता, आमाले काऊन नाई?"

"अवो, दार लावलं तं पोरी आतच बसतीन," डोमाभाऊ म्हणाले. "आता कशा, गोणपाटातून तोंडं काढून माह्यी वाट पाहतेत!"

सीताबाई लाजल्या. डब्यात त्या दिवशी वडे होते.

मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आमचं दार लागलेलं होतं. चांगलं घट्ट. मीच बसवलं होतं.

*

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण लोक गावच्या जुन्या मालकांना मालगुजारच म्हणत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी नंदी सजवून ओढत आणतात आणि मालगुजार पहिल्या नंबराला नारळ देत. नारळ दरवर्षी डोमाभाऊंच्या नंदीला!

त्या वर्षी मी दोन महिने लपूनछपून भाच्यासाठी नंदी घडवला. यंदा नारळ आपला, असं मनाशी धरलं होतं.

पोळ्याच्या दुपारी सुतारखान्यात कोणी नव्हतं. कोपऱ्यात डोमाभाऊंचा नंदी उभा होता, त्यांच्या धाकटीसाठी केलेला. मी तो उचलला. मोडायचा नव्हता, देवाशपथ. मला फक्त त्यात एक खोट सापडायला हवी होती. मान पाहिली, वशिंड पाहिलं, काही सापडेना. डावं शिंग पक्कं आहे का म्हणून पिरगाळलं.

ते हातात आलं. आणि दारात डोमाभाऊ!

"माह्या हातानं..." मी म्हणालो.

"दिसते," ते म्हणाले.

पोळ्याला हत्यारांची पूजा करून ते लाल फडक्यात बांधायचे आणि दोन दिवस सोडायचे नाहीत. ते गाठोड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माह्ये हत्यार परवापर्यंत बांधून हायेत. तुह्ये?"

माझी मोकळी होती.

दिवेलागणीपर्यंत नवं शिंग घडवत बसलो. माझ्या स्वतःच्या नंदीलाही मी तसं शिंग केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालगुजार ओळीतून निघाले. माझ्या नंदीपाशी थांबले! मग पुढे गेले. डोमाभाऊंच्या नंदीपाशी वाकले, डाव्या शिंगावरून बोट फिरवलं.

"वा रे डोमा! हे डावं शिंग पाहा कसं वळवलं हाय! असं तुह्याशिवाय कोण करन? पहिला नंबर!"

मी डोमाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी धाकटीच्या हातातला नारळ घेतला, दगडावर फोडला, अर्धा तिला दिला. उरलेला अर्धा घेऊन ओळीच्या टोकापर्यंत चालत आले आणि माझ्या भाच्याच्या हातात ठेवला.

"अरे, त्याले काऊन?" मालगुजारांनी विचारलं.

"डाव्या शिंगाचं हाय, मालक. ते ह्याच्या मामानं केलं हाय."

सगळा तान्हा पोळा खो-खो हसला. मालगुजार डोळे पुसत म्हणाले, "डोमा, असं बोलणं तुलेच जमते!"