नोट्समधला भुंगेरा

"लेबलं उलटी आहेत. बदला, नाहीतर बरण्या उचला," लातूरच्या एका क्लासचे संचालक मला म्हणाले. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला क्लास आता तीन मजली झाला होता. पोरं जिन्यातसुद्धा बसायची.

मी नांदेडचा. लॅबना स्पेसिमेन पुरवतो, म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेले प्राणी. पदवी नाही, गोठे आणि तळी धुंडाळून शिकलो. ही ऑर्डर पक्की झाली असती, तर लातूरचे बाकीचे क्लासही माझ्याकडे आले असते.

एका बरणीत शेणातला भुंगेरा होता, दुसरीत तळ्यातला. दोन्ही काळे, चकचकीत. फरक पायांत. शेणातल्याचे पुढचे पाय दाताळ्यासारखे, उकरायला. तळ्यातल्याचे मागचे पाय चपटे, केसाळ, वल्ह्यासारखे चालतात.

संचालकांनी छापील नोट्स पुढे सरकवल्या. चित्रं बरोबर, त्यांखालची नावं उलटी.

"सर, ही छापायची चूक आहे."

"सगळ्या बॅचनी पाठ केलंय हे!"

"मग सांगा त्यांना, चुकलं म्हणून."

"परीक्षा तोंडावर आली, शेठ. नोट्स बदलता येत न्हाईत. लेबल बदलायला तुमचं काय जातंय?"

माझं डोकं फिरलं. एका कॉलेजसाठी बिलोलीहून आणलेले दोन्ही जातींचे जिवंत भुंगेरे गाडीत डब्यात होते. पाण्याची बादली मागवली, भरल्या वर्गात टेबलावर ठेवली आणि दोन्हीतला एकेक भुंगेरा आत सोडला. तळ्यातला बुडी मारून थेट तळाशी गेला. शेणातला वरच उताणा पडून पाय झाडू लागला.

"आता सांगा, कोण कुठला?"

"तुमचा किडा घाबरलाय," संचालक म्हणाले.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, पेपरात काय लिहायचं?"

"नोट्समधलं."

"आन् भुंगेऱ्याला नोट्स कोण देणार?" मी म्हणालो.

वर्ग लई हसला. तिथंच माझं बिनसलं. संचालकांनी मला दार दाखवलं. मी शेणातल्याला पाण्यातून काढलं, बरण्या उचलल्या आणि निघालो. ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराला गेली. त्यानं सांगितली तशी लेबलं चिकटवली.

पुढच्या वर्षीच्या नोट्स माझ्या हाती आल्या. नावं सुधारली होती. खाली चौकट होती: 'संचालकांनी स्वतः केलेला बादलीचा प्रयोग'. उताण्या भुंगेऱ्याचं चित्रही होतं.

तेव्हापासून ऑर्डरवर सही झाल्याशिवाय मी डब्याचं झाकण उघडत नाही.