बी.ए.च्या पुढची वाट: सासऱ्यांबरोबर हर्णैमार्गे दापोली

रत्नागिरीचा माणूस दापोलीला जातो तो एक तर हवा खायला, नाहीतर सोयरीक जमवायला. मी गेलो तो व्यापाराच्या पदवीची चौकशी करायला, आणि तोही सासऱ्यांच्या सोबतीने. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पण आगबोट अजून तशीच आहे, हर्णैची होडी तशीच हलते, आणि बी.ए. होऊन घरी बसलेली मुलंही रत्नागिरीत अजून तशीच आहेत. त्यांच्यापैकी कुणाला उपयोग झाला तर व्हावा, म्हणून हे लिहितो.

मी कोल्हापुरात बी.ए. केलं, अर्थशास्त्र आणि इतिहास घेऊन. घरी परतलो तेव्हा मंदीचे दिवस होते. मुंबईत गिरण्यांमधून माणसं कमी होत होती, तिथे नवा पदवीधर कोणाला हवा? चार मुलांच्या शिकवण्या करत होतो. लग्न नुकतंच झालं होतं. माझे सासरे, तात्या, लांज्याकडच्या गावचे शेतकरी. भात, नाचणी आणि कातळावर लावलेली आंब्याची कलमं. जावई पदवीधर मिळाला याचा त्यांना अभिमान होता, पण जावई नुसता पदवीधरच राहिला याची काळजीही होती. ओळखीपाळखीने त्यांनी माझ्यासाठी कचेरीत कारकुनाची जागा ठरवत आणली होती.

माझ्या डोक्यात मात्र मुंबईचं कॉमर्सचं शिक्षण होतं. अडचण अशी की, ते कसं आणि कुठून सुरू करायचं हे सांगणारा गावात कोणी नव्हता. बी.ए. झालेल्याला घेतात का? किती वर्षं? आधी काय पास असावं लागतं? कॉलेजचं माहितीपत्रक मागवलं, ते वाचून शंका कमी होण्याऐवजी वाढल्या.

अशात बातमी आली की मनोहरराव दापोलीला येताहेत. आमच्या समाजातले ते पहिले कॉमर्सचे पदवीधर. विलायतेला जाऊन आले आणि आता मुंबईत तोच विषय शिकवत होते. मेहुणीच्या लग्नासाठी ते वैशाखात सासुरवाडीला येणार होते. आमचं त्या घराशी लांबचं नातं होतं, त्यामुळे अक्षत आमच्याकडेही आली होती.

तात्यांच्या कानावर हे गेलं आणि ते पहिल्याच सर्व्हिस मोटारीने रत्नागिरीत हजर झाले.

"जावयबापू, मीपण येतो," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडून मला ऐकायचाय. ते हो म्हणाले तर बघू. नाय म्हणाले तर कचेरीत जायचा. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आत माझी बायको यशोदा भाकऱ्या बांधत होती, तिचा हात क्षणभर थांबलेला मला दिसला.

एक गोष्ट इथेच सांगतो. हा प्रवास करायचा तर पावसाळ्याआधी करा. एकदा समुद्र खवळला की आगबोटी बंद होतात, आणि कॉलेजं नेमकी जूनमध्ये उघडतात. आमच्यापुढेही तोच प्रश्न होता. जायचं की नाही, हे शेवटची बोट सुटण्याआधी ठरायला हवं होतं.

बोट बंदराला लागत नाही, बाहेर उभी राहते. धक्क्यावरून पडावाच्या होडीत बसायचं, आणि पडाव लाटेवर वर आला की शिडीचा दोर धरून चढायचं. डेकचं तिकीट खिशाला झेपणारं असतं, पण पडावाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे ध्यानात ठेवा. खायचं घरचंच घ्या. बोटीवर चहा मिळतो, त्याला चहा म्हणायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

तात्यांनी जन्मात कधी समुद्रावर पाऊल टाकलं नव्हतं. "आयुष्य गेला डोंगरात, आता ह्यो बघा," असं म्हणत त्यांनी पडावात पाय ठेवला. मला वाटलं होतं की त्यांना सांभाळावं लागेल, म्हणून लिंबू, आवळकाठी असं सगळं मी खिशात घेतलं होतं. झालं उलटंच. समुद्राकाठी वाढलेला मी बंदरावरचा भगवतीचा किल्ला मागे पडायच्या आत आडवा झालो, आणि तात्या कठड्याशी उभं राहून लहान मुलासारखे बघत राहिले. माझीच आवळकाठी त्यांनी मला भरवली.

गणपतीपुळ्याचं देऊळ किनाऱ्यावर दिसलं तशी डेकवरची सगळी माणसं हात जोडून उभी राहिली. मीही पडल्यापडल्या जोडले. शेजारी मासळीच्या व्यापारातली एक बाई होती, मुंबईला लेकाकडे निघालेली. तिने तात्यांना विचारलं, "मुलगा काय करतो?"

"जावई हाय. बी.ए. हाय."

"मग आता खयं चालला?"

"अजून शिकायला."

"अगो बाई!" ती म्हणाली. "अजून उरलाय काय?"

आजूबाजूचे सगळे हसले. तात्याही हसले. जयगडला माणसं उतरली, दाभोळला चढली. दाभोळच्या खाडीचं तोंड ओलांडल्यावर माझं पोट जाग्यावर आलं आणि दोघांनी मिळून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. तशी चव मला पुन्हा कधी लागली नाही.

हर्णैला उतरणं हा एक सोहळा असतो. होडी वाळूपर्यंत पोचत नाही, शेवटचा टप्पा गुडघाभर पाण्यातून. होडीवरचे खारवी उतारूंना खांद्यावर घेतात, पण तात्यांनी धोतर खोचलं आणि स्वतःच उडी मारली. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. सुवर्णदुर्गाच्या मागे सूर्य टेकलेला, वाळूवर सुरमई आणि पापलेटाचे ढीग, भोवती बायकांचे आवाज. तात्या त्या गर्दीत जे घुसले ते सापडेनात. सापडले तेव्हा एका कोळणीला विचारत होते, "पण पयला भाव कोण बोलतो? आनि तोच का बोलतो?" तिने त्यांना हाताने बाजूला सारलं. मुक्काम बंदराजवळच्या खानावळीत केला. बांगड्याचं तिखलं आणि भात इतका झकास, की उतरलात तर तिथेच जेवा.

सकाळी बैलगाडी केली. आसूदपाशी रस्ता चढू लागतो. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, पाटाचं पाणी खळखळत झाडाझाडाशी जाणारं, आणि भर वैशाखात अंगावर शिरशिरी आणणारा गारवा. चढावर आम्ही उतरून चाललो. वर पोचलो आणि दापोलीची ती प्रसिद्ध हवा लागली. इंग्रजांच्या जुन्या कँपातल्या बंगल्यांवरून येणारा वारा, मोठमोठी झाडं. तात्या म्हणाले, "गोऱ्यांनी जागा बरी शोधली."

लग्नघरी मांडव घातला होता. मनोहरराव कुठे विचारलं, तर कुणीतरी कोठीकडे बोट दाखवलं. विलायतेहून आलेला प्रोफेसर बनियन घालून नारळांच्या राशीत उभा होता आणि आचाऱ्याशी गुळावरून हुज्जत घालत होता. मी नमस्कार करून कशासाठी आलो ते सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अक्षता पडेपर्यंत मला बोलायला सवड नाही. थांबा, जेवा, हातभार लावा. उद्या सकाळी निवांत बसू."

मग आम्ही दोघांनी हातभार लावला. मी पंगतीत भात वाढला, तात्यांनी फणस फोडले. संध्याकाळपर्यंत लग्नघरातल्या निम्म्या माणसांना तात्या नावाने हाक मारत होते.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसलो. आमच्यापुढे आमरसाच्या वाट्या होत्या. मनोहररावांनी सरळ विषयाला हात घातला.

"बी.ए. झालात म्हणून आमच्याकडे थेट शेवटच्या वर्गात घेत नाहीत. हिशेबशास्त्र, व्यापारी कायदा, बँकांचा कारभार, यातलं तुम्ही काही शिकलेला नाहीत. खालच्या वर्गापासून यावं लागेल. दोन वर्षं तरी धरा. बरोबरची मुलं तुमच्याहून लहान असतील, याची तयारी ठेवा."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. दोन वर्षं, पुन्हा मुलांच्यात.

"दुसरी वाट म्हणजे हिशेबतपासनिसाच्या हाताखाली उमेदवारी. त्याला आधी रक्कम भरावी लागते आणि वर्षंही जास्त जातात. तिसरी, नोकरी करून संध्याकाळचे वर्ग. त्यात दाखला मिळतो, पदवी नाही. आणि चौथी, तुमचं अर्थशास्त्र आहे, तर विद्यापीठात एम.ए. करा. तिथे प्रबंध लिहावा लागतो, स्वतः शोधून काढलेल्या विषयावर. ज्याला व्यापारात पुढचं शिक्षण हवं आणि पाया आहे, त्याने ही वाट धरावी." मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला व्यापार शिकायचाय कशाला?"

मी तयार करून नेलेलं उत्तर दिलं. देशाची औद्योगिक उन्नती वगैरे. त्यांनी शांतपणे आमरसाचा घोट घेतला. "हे सगळेच सांगतात."

मग जे मनात होतं तेच बाहेर आलं. "रत्नागिरीच्या बंदरावर दरवर्षी आंब्याच्या पेट्या चढताना बघतो. मालक धक्क्यावर उभा असतो आणि त्याच्या मालाला काय भाव येणार, हे त्याला कुणी सांगू शकत नाही. मुंबईचा दलाल कळवेल तो भाव. मला ते मधलं समजून घ्यायचंय. कळलं, तर आमच्या लोकांना एकत्र येऊन विकता येईल."

मनोहररावांनी वाटी खाली ठेवली. पण बोलले ते तात्या, पहिल्यांदाच.

"साहेब, हां, ता मलाबी विचारायचाय. परवा हर्णैला तीच चौकशी केली, कोणी सांगेना. आमच्या आंब्याचा भाव ठरवतो कोण?"

"तात्या, खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नाही," मनोहरराव म्हणाले. "कापसाचं विचारा, सांगतो. आंब्यावर अजून कोणी बसून अभ्यास केलेला मला माहीत नाही. हाच विषय घ्या. एम.ए.साठी अर्ज करा, प्रबंध याच्यावर लिहा. हिशेबाचे वर्ग संध्याकाळी माझ्याकडे बसून करा. मी विद्यापीठात बोलतो."

तात्या माझ्याकडे वळले. "म्हणजे मुंबईला जाऊन ह्यांनी शिकायचा काय, तर माझा आंबा?"

"तुमचाच."

तात्या इतके मोठ्याने हसले की मांडवातून माणसं डोकावली. "मग जा, जावयबापू! कचेरीत आंबा कोण शिकवणार?"

परतीच्या बोटीवर मी पुन्हा आडवा होतो आणि तात्या डेकवरच्या प्रत्येक उतारूला प्रबंध म्हणजे काय ते समजावत होते. जयगडला पोचेपर्यंत त्यांनी माझी सगळी व्यवस्था लावली होती. मी मुंबईला, यशोदा त्यांच्या गावी, सणाला भेट. घरी पोचल्यावर पाय धुवायच्या आधीच त्यांनी ही व्यवस्था यशोदेला सांगून टाकली.

यशोदाने ऐकून घेतलं. मग पाण्याचा तांब्या तात्यांच्या हातात देत म्हणाली, "बाबा, मी गावाला येणार नाही. मी यांच्याबरोबर जाणार. शिकणारी मुलं खानावळीत जेवतात ना? मी चौघांचं रांधीन, खोलीचं भाडं त्यातून निघेल."

मी तिच्याकडे पाहिलं. या बेताबद्दल तिने मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. तात्या ओटीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "चौघाचा? सहा घे गो. तांदूळ मी धाडतो."

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने आम्ही दोघं गेलो. प्रबंधाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला, हिशेबात मी एकदा नापास झालो, आणि आमच्या खोलीत जेवणारी मुलं वाढत वाढत दहावर गेली. पण पदवी मिळाली. आज रत्नागिरीत आमची विक्री सोसायटी लहान आहे, भांडणं बरीच होतात, तरी दलालाच्या भावाबरोबर आमचाही एक भाव धक्क्यावर बोलला जातो.

दापोलीतून काय आणलं असं कुणी विचारलं, तर मला चार वाटा आठवतात आणि त्यांच्याही आधी पडवीतलं ते हसू. तुमच्यापैकी कुणी चौकशीला निघालात, तर माहितीपत्रक जरूर मागवा, आवळकाठी खिशात ठेवा, आणि तुम्ही जाऊ नये असं ज्याला वाटतं त्याला बरोबर न्या.