उकळलेल्या रसाचं पान

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबमावशी म्हणायचे. बाटलीच्या तळाशी उरलेला थेंबसुद्धा टाकू द्यायची नाही म्हणून. एरवी तिची आठवण व्हायची ती भांडी घासलेली नसली की.

काम साहेबांचं होतं, हात मावशीचे. एका विषाणूचं प्रथिन नळीत शुद्ध करून ठेवायचं आणि त्याचे कण एकत्र येऊन विषाणूच्या कवचासारखे गोळे बनवतात का ते पाहायचं. गोळे बनत नसत, वेड्यावाकड्या नळकांड्या बनत. पेशींचा रस चार थेंब घातला की मात्र झकास गोळे. म्हणजे पेशीतलं काहीतरी मदत करत होतं. ते दुसरं एखादं मोठं प्रथिनच असणार, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. साहेबांनी ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलत नसे.

एके दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरल्याचा फोन आला. त्या गडबडीत मावशीने पेशींच्या रसाची नळी कोमट पाण्याऐवजी शेजारच्या उकळत्या पाण्यात ठेवली. परत येऊन पाहते तो रस फाटलेला, अंड्याच्या पांढऱ्यासारख्या गुठळ्या झालेल्या. प्रथिनं उकळली की अशीच मरतात. पण टाकेल ती थेंबमावशी कसली? वरची नितळ निवळ घेतली, प्रथिनात घातली आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. गोळेच गोळे!

तिने नोंदवहीत सगळं लिहिलं, चुकीसकट. लपवाछपवी तिला जमतच नव्हती.

"साहेब, मदत करणारं जे काही आहे ते उकळूनही मरत नाही," ती म्हणाली. "प्रथिन नसेल. काहीतरी बारीकसं असेल."

"उकळलेल्यात काय राहणार, कप्पाळ? नळ्यांची अदलाबदल केली असशील."

"पुन्हा करून दाखवते ना."

"भांडी कोण घासणार मग? ओतून टाक ते."

साहेबांनी पानावर लाल रेघ मारली, 'बाद' लिहिलं, सही ठोकली. मावशीने निवळ मोरीत ओतली. आयुष्यात तेवढा एकच रस तिने वाया घालवला.

अकरा वर्षं साहेब ते मोठं प्रथिन शोधत राहिले. मग परक्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध आला. मदत करणारा होता प्रत्येक पेशीत असणारा एक चिमुकला रेणू. प्रथिन नव्हेच, उकळूनही टिकणारा. साहेबांनी सगळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटली. "एकदा नुसता रस उकळून पाहायचं कुणाला सुचू नये?"

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. कपाटातून जुनी वही काढून तिने ते पान त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी वाचलं, सही ओळखली.

"मग तेव्हा हट्ट का नाही धरलास?"

"धरला असता तर नोकरी राहिली असती का, साहेब?"

तिला कुठे नाव नको होतं की बक्षीस नको होतं. "त्या रेघेखाली एवढंच लिहा, की हे खरं होतं. आणि सही करा."

"जुन्या नोंदीत बदल करता येत नाही," साहेब म्हणाले. "नियम आहे."

चार महिन्यांनी ती निवृत्त झाली. निरोपाला हार, टाळ्या आणि एक छापील मानपत्र. त्यात लिहिलं होतं, 'तीस वर्षांत यांनी वरिष्ठांचा शब्द एकदाही मोडला नाही.' खाली तीच सही.

घरी नवरा म्हणाला, "छान आहे गं, भिंतीवर लावू."

तिने लाल पेन शोधलं, मानपत्रावर आडवी रेघ मारली, वर 'बाद' लिहिलं.

"अगं, वेड लागलं का तुला? यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "त्या पानातही नव्हतं."